रखमाबाईंची शेळी आणि बाळंतपणाची पिशवी

कोकणात आठवा महिना सरत आला की घरात एक पिशवी भरायला सुरुवात होते. जुन्या सुती लुगड्याची दुपटी, झबली, टोपडी, बाळंतिणीसाठी दोन गाऊन, थर्मास, तपासणीची फाइल. रत्नागिरी असो, लांजा असो की राजापूर, आता बाळंतपण म्हणजे दवाखाना हे बहुतेक घरांत गृहीतच असते. त्याच घरातल्या पणजीची बाळंतपणे मात्र माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, सुईणीच्या हातून झालेली असतात. त्या पिढीला दवाखान्याची भीती वाटे. तिथे गेलेली बाई परत येत नाही, असा समज होता.

ही भीती आपोआप गेली नाही. ती घालवण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत डॉ. रखमाबाईंचे नाव फार वरचे आहे. लोकांना त्या आठवतात त्या कोर्टातल्या गाजलेल्या खटल्यामुळे. पण खटला चार वर्षे चालला आणि त्यानंतर सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी स्त्रियांच्या रुग्णालयात काढली. आज घरात बाळाची वाट पाहणाऱ्यांनी त्यांच्या आयुष्याचा हा दुसरा भाग जाणून घ्यायला हवा.

पंधराव्या वर्षी आई

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. आई जयंतीबाई तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची होती. चौदाव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी मूल आणि सतराव्या वर्षी वैधव्य, असा तिचा प्रवास. वडील जनार्दन पांडुरंग गेले तेव्हा रखमा अगदी लहान होती. पुढे काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या ज्ञातीत पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता.

सखाराम अर्जुन हे मुंबईतले नामवंत डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८३ मधील संस्थापकांत ते होते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, गर्भविद्या आणि प्रसूती या विषयावर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले होते. ज्या काळी हा विषय बायकांच्या कुजबुजीपलीकडे जात नसे, त्या काळी रखमाच्या घरात तो शास्त्र म्हणून बोलला जात होता.

तरीही रूढी चुकली नाही. अकराव्या वर्षी रखमाचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी झाले. मुलगी वयात आल्यावर गर्भाधानाचा विधी करायची रीत होती. सखाराम अर्जुन यांनी त्याला नकार दिला. इतक्या लहान वयात शरीरसंबंध आणि गर्भारपण म्हणजे मुलीच्या जिवाशी खेळ, हे डॉक्टर म्हणून त्यांना दिसत होते. रखमा सावत्र वडिलांच्या घरीच राहिली आणि मिळतील ती पुस्तके वाचत राहिली.

सखाराम अर्जुन यांचे म्हणणे आजच्या वैद्यकानेही खरे ठरवले आहे. कोवळ्या वयात कमरेची हाडे पूर्ण वाढलेली नसतात, त्यामुळे बाळ अडण्याचा धोका असतो. रक्तक्षय, गर्भारपणात रक्तदाब वाढून झटके येणे, बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मणे, हे सगळे किशोरवयीन मातांमध्ये जास्त आढळते. बाळंतपणाच्या तयारीची पहिली पायरी म्हणूनच खूप आधी सुरू होते. लग्न अठराच्या आत नको आणि पहिले मूल विशीच्या आत नको.

निर्णय कोणाचा?

१८८४ मध्ये दादाजींनी रखमाबाईंना नांदायला पाठवावे म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. रखमाबाईंनी जायला नकार दिला. कळत्या वयाच्या आत, आपल्या संमतीशिवाय झालेले लग्न आपल्यावर बंधनकारक नाही, अशी त्यांची भूमिका होती. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की महिनाभरात नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिन्यांची कैद भोगावी. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. देशभर आणि इंग्लंडमध्येही वाद पेटला. अखेर जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. या गदारोळाने संमतिवयाच्या चर्चेला मोठा जोर आला आणि १८९१ मध्ये कायद्याने ते वय दहावरून बारा झाले.

ही सारी लढाई एका प्रश्नाभोवती होती. बाईच्या शरीराबाबतचा निर्णय कोणी घ्यायचा? प्रसूतिशास्त्रात हाच प्रश्न आजही वेगळ्या रूपात समोर येतो. माता दगावण्यामागच्या कारणांचा अभ्यास करणारे तज्ज्ञ तीन उशीर सांगतात. पहिला, दवाखान्यात जायचे ठरवण्यात झालेला उशीर. दुसरा, तिथे पोहोचण्यात झालेला. तिसरा, पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यात झालेला. यातला पहिला उशीर घरातच होतो. नवरा मुंबईला, सासरे शेतावर, सासूबाई म्हणतात जरा थांबू या, आणि जिचे पोट दुखते आहे तिला कोणी विचारतच नाही.

म्हणून पिशवीत पहिली गोष्ट भरायची ती ही. गर्भवतीने स्वतः सांगितले की निघायचे, मग निघायचे. फोन करून परवानगी मिळण्याची वाट पाहायची नाही, हे घरात सातव्या महिन्यातच ठरलेले असावे. कळा नियमित येऊ लागल्या, पाणी गेले, अंगावर रक्त दिसले, बाळाची हालचाल कमी वाटली, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहऱ्यावर आणि हातांवर एकाएकी सूज चढली किंवा झटका आला, तर घरात चर्चा करत बसायची वेळ नसते.

हात धुण्याचे शास्त्र

खटल्यातून सुटल्यावर रखमाबाईंपुढे प्रश्न होता की पुढे काय. मुंबईत १८८६ मध्ये स्त्रियांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झाले होते. तिथल्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकीय शिक्षणासाठी प्रोत्साहन दिले, हितचिंतकांनी पैसा उभा केला आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष रुग्णांवर शिक्षण झाले. १८९४ मध्ये परीक्षा उत्तीर्ण होऊन त्या डॉक्टर झाल्या.

त्या ज्या वर्षांत शिकल्या ती प्रसूतिशास्त्रासाठी मोठ्या बदलाची होती. दवाखान्यात बाळंत होण्याची भीती काही केवळ आपल्याकडची अंधश्रद्धा नव्हती. युरोपातही ती होती आणि तिला कारण होते. तिथल्या मोठ्या प्रसूतिगृहांत बाळंतज्वराने बायका पटापट मरत. व्हिएन्नातल्या डॉ. सेमेलवाइस यांच्या लक्षात आले की शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिकक्षात येणारे डॉक्टरच आपल्या हातांनी हा रोग नेत आहेत. १८४७ मध्ये त्यांनी क्लोरीनच्या द्रावणात हात धुण्याची सक्ती केली आणि त्यांच्या कक्षातले मृत्यू एकदम खाली आले. त्यांचे कोणी फारसे ऐकले नाही. १८६७ मध्ये लिस्टर यांनी कार्बोलिक ॲसिडने जंतुसंसर्ग टाळण्याची पद्धत मांडली आणि हळूहळू ती प्रसूतिगृहांत रुजली. रखमाबाई शिकायला गेल्या तोवर स्वच्छ हात, उकळलेली उपकरणे आणि स्वच्छ कापड यांना प्रसूतिकक्षात महत्त्व आले होते. दवाखाना खऱ्या अर्थाने सुरक्षित होऊ लागला तो त्यानंतर.

आपल्याकडच्या माजघरात मात्र तेव्हा नाळ कापायला विळा किंवा बांबूची धारदार काप वापरली जाई आणि नाळेवर राख किंवा शेण लावले जाई. त्यातून धनुर्वाताचे जंतू बाळाच्या अंगात शिरत. आठवड्याभराचे बाळ दूध ओढेनासे होई, जबडा आवळे, अंग ताठ होई आणि बाळ जाई. लोक म्हणत सटवीने नेले. गर्भवतीला दिलेली धनुर्वाताची लस आणि नाळ कापायचे निर्जंतुक पाते या दोन साध्या गोष्टींनी हा प्रकार जवळजवळ संपवला. माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले.

सुरतेचा रिकामा वॉर्ड

मायदेशी परतल्यावर थोडा काळ मुंबईत काम करून रखमाबाई १८९५ मध्ये सुरतेला स्त्रियांच्या रुग्णालयाच्या प्रमुख म्हणून गेल्या. शिक्षण होते, हुद्दा होता, खाटा होत्या. नव्हत्या त्या बाळंतिणी. बाळंतपणासाठी दवाखान्यात यायला बायका तयार नव्हत्या. तिथे विटाळ-चांडाळ पाळला जात नाही, परक्यांचा हात लागतो, गेलेली बाई जिवंत येत नाही, अशा एक ना अनेक शंका.

गुजरातेतल्या त्यांच्या या काळातली एक आठवण चरित्रांतून सांगितली जाते. रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणवली. शेळी तिथे व्याली. शेळी आणि करडू दोन्ही सुखरूप असल्याचे आजूबाजूच्या बायकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मुके जनावर जिथे सुखरूप सुटते तिथे माणसाला काय धोका, हे कुठलेही भाषण न देता त्यांना पटले. हळूहळू बायका येऊ लागल्या.

ही गोष्ट ऐकून हसू येते, पण तिच्यात रखमाबाईंची खरी हुशारी आहे. भीतीला त्यांनी अडाणीपणा म्हणून झिडकारले नाही. ज्यांना भीती वाटत होती त्यांना जागा दाखवली आणि विश्वास बसायला वेळ दिला. सुरतेत त्या दोन दशकांहून अधिक काळ राहिल्या. प्लेगच्या साथीतही त्यांनी काम सोडले नाही. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर त्यांनी पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. ज्या लग्नाविरुद्ध त्या झगडल्या त्याची ही खूण त्यांनी का स्वीकारली, यावर अनेक तर्क झाले. त्यांचे काम मात्र थांबले नाही. पुढे त्या राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयात गेल्या आणि १९३० च्या सुमारास निवृत्त होऊन मुंबईला परतल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

जागा आधी पाहून ठेवा

पहिलटकरणीला आजही प्रसूतिकक्षाची धास्ती वाटते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. उपाय तोच, शेळीचा. जागा आधी पाहून ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची विशेष तपासणी असते. त्या दिवशी सिस्टरना विनंती करून वॉर्ड, स्वच्छतागृह आणि दाखल होण्याची खिडकी पाहून घ्यावी. रात्री कुठल्या दाराने आत यायचे, सोबत कोण थांबू शकते, हे विचारावे. कळा सोसताना ओळखीची एखादी बाई जवळ असली की धीर येतो आणि बाळंतपण सुकर होते. सरकारी धोरणातही अशा सोबतिणीला आता जागा आहे.

दुसरा उशीर रस्त्याचा. कोकणात तारीख जून ते सप्टेंबरमध्ये येत असेल तर याचा विचार आधीच हवा. दरड कोसळते, पऱ्ह्याला पाणी येते, वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत निसरडी पायवाट असते. वाडी आडबाजूला असेल, आधीचे सिझेरियन असेल, जुळी असतील, बीपी किंवा शुगर असेल, तर तारखेच्या आठ-दहा दिवस आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे मुक्काम हलवावा. गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. आशाताईंना तारीख सांगून ठेवावी.

तिसरा उशीर टाळायला कागद हाताशी लागतात. माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगट आणि हिमोग्लोबिनचे रिपोर्ट, सोनोग्राफी, आधार कार्ड, बँकेचे पासबुक. रक्त लागलेच तर द्यायला येतील अशा दोघांना आधी सांगून ठेवावे. सरकारी रुग्णालयात २०११ पासूनच्या योजनेनुसार बाळंतपण, गरज पडल्यास सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, मुक्कामातले जेवण आणि घरी सोडण्याची गाडी मोफत असते. तो आईचा हक्क आहे आणि तो मागायला संकोच नको.

दहा दिवसांचे बाळ

रखमाबाईंच्याच काळातली, त्यांच्याहून सुमारे चार महिन्यांनी लहान असलेली आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाली. तिचे बाळ दहा दिवसच जगले. त्या दुःखातून ती अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाली आणि १८८७ मध्ये, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच क्षयाने गेली. तिच्या बाळाचे ते दहा दिवस आजही डॉक्टरांच्या मनात असतात, कारण नवजात बाळाला सर्वांत जास्त धोका असतो तो पहिल्या आठवड्यात. डिलिव्हरी नीट झाली म्हणजे सगळे पार पडले, असे समजून चालत नाही.

म्हणून साध्या बाळंतपणानंतरही ४८ तास दवाखान्यात थांबावे. बाळंतिणीचा रक्तस्राव आणि बीपी, बाळाचे दूध ओढणे, शी-शू, कावीळ हे याच काळात कळते. बाळाला पहिल्या तासात छातीशी घ्यावे. पहिले पिवळसर, घट्ट दूध म्हणजे बाळाचे पहिले रक्षण. ते पिळून टाकू नये. मध, गूळपाणी, गुटी, वरचे दूध यांतले काही नको. सहा महिने पाणीसुद्धा नको. घरी जाण्याआधी बीसीजी, पोलिओचा डोस आणि कावीळ-बीची लस दिल्याची नोंद कार्डावर पाहावी. कावीळ-बीची लस पहिल्या २४ तासांत द्यायची असते.

घरी आल्यावर खोली उबदार हवी, पण कोंदट नको. पावसाळ्यात दुपटी वाळत नाहीत, तेव्हा इस्त्री फिरवून कोरडी करावीत. शेगडीची धग, धुरीचा धूर बाळाच्या छातीला बाधतो. नाळेवर हळद, तेल, पावडर काही लावू नये. ती कोरडी ठेवली की आपोआप पडते. डोळ्यांत काजळ नको. कमी वजनाच्या बाळाला आईने उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घ्यावे. बाबा किंवा आजीनेही हे करायला हरकत नाही. बाळ पाहायला येणाऱ्या प्रत्येकाने आधी साबणाने हात धुवावेत. सेमेलवाइस यांचा धडा घराच्या उंबरठ्यावरही तितकाच लागू आहे.

बाळ दूध ओढत नाही, मलूल पडून राहते, भराभर श्वास घेते, छाती आत ओढली जाते, अंग गार किंवा तापलेले आहे, झटके येतात, तळहात-तळपाय पिवळे दिसतात किंवा नाळेभोवती लाली आणि पू आहे, तर बारशाची वाट न पाहता दवाखाना गाठावा. बाळंतिणीला ताप, घाण वासाचा स्राव, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी किंवा पोटरीत एका बाजूला दुखणे-सूज असेल, तर तेच. ती सतत रडत असेल, बाळाकडे पाहावेसेही तिला वाटत नसेल, तर तिला दटावू नये, डॉक्टरांना सांगावे. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांना ओटीवरून चहा देऊन परत पाठवू नये. बाळ उघडून दाखवावे, वजन करू द्यावे.

रखमाबाईंना सुरतेत बायकांना रुग्णालयाच्या दारापर्यंत आणायला शेळीची मदत घ्यावी लागली. आज आपण त्या दारापर्यंत सहज येतो. आता गरज आहे ती वेळेवर येण्याची, आईला विचारून येण्याची आणि तिथली स्वच्छता व सावधपणा बाळाबरोबर घरी नेण्याची. पिशवीत दुपट्यांबरोबर तेवढे भरले की तयारी पुरी झाली.